मरिनर्सनी सप्टेंबरमध्ये सगळं पणाला लावलं ते बरोबर केलं का?

खलाशी_सिएटलची

नमस्कार मंडळी. सीझन संपून इतके दिवस झाले, स्प्रिंग ट्रेनिंगला अजून वेळ आहे, आणि तरीही माझ्या डोक्यातून एक गोष्ट जात नाहीये म्हणून इथे लिहितेय. थोडं लांबेल, आधीच सांगते.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपले मरिनर्स, म्हणजे सिएटलची बेसबॉल टीम, जे खेळले तसं मी त्यांना कधीच खेळताना बघितलं नव्हतं. ५ सप्टेंबरला ७३ विजय आणि ६८ पराभव होते, म्हणजे प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) मिळेल की नाही हीच धाकधूक, आणि तिथून पुढच्या १८ पैकी १७ मॅच जिंकल्या. ह्यूस्टनला जाऊन अॅस्ट्रोजच्या घरात तीनही मॅच काढल्या. २४ तारखेला डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकलं, २००१ नंतर पहिल्यांदा, आणि त्याच रात्री कॅल रॅलीने ५९वा आणि ६०वा होमरन मारला. २०२३ ला एका मॅचने हुकलं होतं, २०२४ ला परत एका मॅचने हुकलं होतं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना त्या रात्री काय वाटलं असेल ते मी वेगळं सांगायला नको.

पण आता माझा प्रश्न. त्या १८ मॅचेसमध्ये आपण जे हात, म्हणजे पिचर, वापरले, ते ऑक्टोबरला पुरले का? मी घरच्या मॅचला गेले की कागदावर स्कोअरकार्ड लिहिते, पेन्सिलने, सवय आहे. परवा सप्टेंबरची सगळी कार्डं काढून बसले आणि पिचरच्या रकान्यात बघते तर सातवी, आठवी, नववी इनिंग आली की तीच नावं. ब्रॅश, स्पायर, बाझार्दो, मुन्योझ. परत ब्रॅश, परत बाझार्दो. प्रत्येक मॅच जिंकायचीच होती, मग दुसऱ्या कोणाला आणणार, हे कळतं मला. पण दुसऱ्या कोणावर भरवसा ठेवून बघायची वेळच आपल्याला मिळाली नाही असं वाटतं.

आणि मग लीगच्या फायनलची सातवी मॅच, टोरंटो, २० ऑक्टोबर. ३-१ ने पुढे. आपला पिचर वू सातव्या इनिंगला परत आला, एक वॉक (चार चुकीच्या पिचवर फुकटचा बेस), एक सिंगल (एका बेसचा हिट), मग बंट (हलका ठोका), दोन्ही रनर पुढे सरकले, बाझार्दोला आणलं, आणि त्यांच्या स्प्रिंगरने चेंडू डाव्या बाजूला स्टँडमध्ये घातला. ४-३. वर्ल्ड सिरीज कधीच न खेळलेली एकमेव टीम म्हणजे आपण, आणि आपण त्यापासून आठ आउट लांब होतो.

सगळे म्हणतात आपल्या शेवटच्या इनिंगच्या पिचरला, मुन्योझला, तिथेच आणायला पाहिजे होतं. मलाही वाटतं तसं. पण मला त्या एका निर्णयावर भांडायचं नाहीये, ते खूप झालं. मला विचारायचंय ते त्याच्या आधीचं. सप्टेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत टीमने ऑक्टोबरची तयारी नेमकी कशी करायला पाहिजे? रेग्युलर खेळाडूंना बसवायचं, का लय तुटू द्यायची नाही? स्टार्टरचे (मॅच सुरू करणाऱ्या पिचरचे) हात वाचवायचे, का सीडिंगसाठी (प्लेऑफमधल्या क्रमांकासाठी) झटायचं? आणि बाय मिळाल्यावरचे (पहिली फेरी न खेळता बसायचे) पाच दिवस फायद्याचे की तोट्याचे? ज्यांनी आपापल्या टीमचं जवळून बघितलंय त्यांनी लिहा प्लीज.

---

डेट्रॉइटचा_वाघ

ताई, तुमचं दुःख समजतं, पण खरं सांगू का, डेट्रॉइटमधून बघितलं तर तुमची अडचण हीच मुळात आम्हाला हवी होती.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही क्लीव्हलँडच्या साडेपंधरा मॅच पुढे होतो. साडेपंधरा! तेव्हा सगळे हेच बोलत होते की आमच्या पहिल्या नंबरच्या पिचरला, स्कूबलला, कधी विश्रांती द्यायची, ऑक्टोबरसाठी त्याच्या इनिंग्ज कशा राखायच्या, पहिल्या मॅचला कोण. आणि मग सप्टेंबर आला आणि आमची टीम जिंकायचंच विसरली. क्लीव्हलँडने डिव्हिजन घेतलं, इतक्या मागून येऊन डिव्हिजन जिंकलेली दुसरी टीम इतिहासात नाहीये. आम्ही ८७ विजयांवर कसेबसे आत गेलो, अॅस्ट्रोजचेपण ८७ च होते, आपसातल्या मॅचेसमध्ये आम्ही वरचढ होतो म्हणून आम्ही आत आणि ते बाहेर. आता १६३वी मॅच होत नाही ना, २०२२ पासून टाय झाला की कागदावरच निकाल.

आता याचा ऑक्टोबरवर काय परिणाम झाला ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे असं मला वाटतं. बाय नाही म्हणून वाइल्ड कार्ड खेळावं लागलं. ३० सप्टेंबरला स्कूबल टाकला, १४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), जिंकलो. पण मग तुमच्याविरुद्धच्या सिरीजच्या पहिल्या मॅचला, ४ ऑक्टोबरला, तो येऊच शकत नव्हता. दुसऱ्या मॅचला आला आणि मग थेट पाचव्याला. त्याला बाय मिळाला असता तर पहिली आणि पाचवी, दोन्ही त्याच्या, आणि तेही पूर्ण ताज्या हाताने. तुम्ही सप्टेंबरला जे १७ जिंकलात ना, त्याची किंमत नुसती डिव्हिजनचा झेंडा एवढीच नाहीये, समोरच्या टीमचा सगळ्यात भारी पिचर तुमच्यासमोर कधी येणार तेपण त्यातच ठरलं.

त्या पाचव्या मॅचला स्कूबलने सहा इनिंग्ज टाकल्या, १३ स्ट्राइकआउट, ९९ पिच. आणि त्याला काढला. मी घरात उभा होतो, बसवतच नव्हतं. आमच्या मॅनेजरला, हिंचला, दोष देत नाही मी, स्कूबल आधीच दमला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. सातव्याला तुमच्या रिवासने सिंगल मारून बरोबरी केली आणि मग नऊ इनिंग्जची मॅच पंधराव्या इनिंगपर्यंत ओढली.

तर हात वाचवणे वगैरे ठीक आहे, पण आधी आत जायला पाहिजे ना. आम्ही जपून जपून खेळलो आणि सगळंच घालवून बसलो.

---

नवा_बघणारा

मध्येच विचारतो, रागावू नका, मी बेसबॉल बघायला लागून एकच वर्ष झालंय. हा बाय नक्की कोणाला मिळतो? आणि एकच पिचर रोज का टाकत नाही, म्हणजे क्रिकेटमध्ये मेन बोलर प्रत्येक मॅच खेळतो ना, मग इथे चांगल्या पिचरला पाच पाच दिवस बसवून का ठेवतात?

---

खलाशी_सिएटलची

@नवा_बघणारा, रागवायचं काय त्यात, सगळे असेच शिकले.

दोन लीग आहेत, प्रत्येकात तीन डिव्हिजन. १६२ मॅचेस झाल्यावर प्रत्येक लीगमधून सहा टीम पुढे जातात, तीन डिव्हिजन जिंकलेल्या आणि तीन वाइल्ड कार्ड. डिव्हिजन जिंकलेल्यांमध्ये ज्या दोन सगळ्यात वरच्या, त्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही, तोच बाय. बाकीच्या चार टीम तीन मॅचची छोटी सिरीज खेळतात आणि तीनही मॅच वरच्या सीडच्या मैदानावर होतात. मग पाच मॅचची, मग सात, मग वर्ल्ड सिरीज सात.

पिचरचं म्हणशील तर स्टार्टर एका मॅचमध्ये ९०-१०० पिच टाकतो, प्रत्येक पिच जवळजवळ पूर्ण जोर लावून. त्यानंतर खांदा आणि कोपर सावरायला साधारण चार-पाच दिवस लागतात. रिलीव्हर, म्हणजे नंतर येणारा पिचर, कमी टाकतो म्हणून लागोपाठ दोन दिवस येऊ शकतो, पण तिसऱ्या दिवशी आला की हात जड झालेला दिसतो. म्हणून सप्टेंबरमध्ये कोणाला किती वापरलं हा हिशोब इतका महत्त्वाचा. १ सप्टेंबरपासून टीममध्ये २६ च्या जागी २८ खेळाडू ठेवता येतात, त्यामुळे थोडा भार हलका होतो. प्लेऑफला परत २६.

@डेट्रॉइटचा_वाघ दादा, तुम्ही जे स्कूबलबद्दल लिहिलंत ते मी या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. पहिल्या मॅचला तो नव्हता तरी आम्ही ११ इनिंग्जनंतर हरलोच होतो म्हणा. आणि दुसऱ्या मॅचला आमच्या पोलँकोने त्याला दोन होमरन मारले ते मी अजूनही कधीतरी रात्री परत लावून बघते. पण तुमचं म्हणणं पटलं.

पंधरा इनिंग्जच्या त्या मॅचला मी स्टेडियममध्ये होते. स्कोअरकार्डवर दहाच रकाने छापलेले असतात, अकराव्यापासून मी समासात लिहायला लागले, तेराव्याला कागद उलटा केला आणि पाठीमागे पट्टी नसताना हाताने रेघा मारल्या. चौदाव्याला शेजारच्या काकांनी मोबाइलचा टॉर्च धरला कारण मला माझंच अक्षर दिसेना. तिथे गिल्बर्ट आणि कास्तियो ही दोन स्टार्टरची नावं मी रिलीव्हरच्या जागी लिहिलीयेत, आणि लिहितानाच पोटात गोळा आला होता, की हे इथे संपवतोय म्हणजे टोरंटोला कोण? आणि तसंच झालं. दोन दिवसांनी टोरंटोला पहिली मॅच मिलरला तीन दिवसांच्या विश्रांतीवर टाकावी लागली. त्याने पहिल्याच पिचवर स्प्रिंगरला होमरन दिला आणि मग सहा इनिंग्ज काहीही दिलं नाही, त्याचं कौतुक करावं तितकं कमी. पण सगळी रोटेशन, म्हणजे स्टार्टरची पाळी, तिथून एकेक पाऊल मागे पडत गेली.

---

निळा_पक्षी_टोरंटो

मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून जपून लिहितो. सातव्या मॅचला स्प्रिंगरचा चेंडू उडाला तेव्हा माझ्या तोंडातून आवाजच फुटला नाही. त्यामुळे तुम्हाला काय झालं असेल याची कल्पना करू शकतो, आणि पुढे बारा दिवसांत वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचला आमचंही तेच झालं, अकराव्या इनिंगला.

आमचा सप्टेंबर तुम्हाला सांगतो कारण तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. ६ सप्टेंबरला बो बिशेटचा गुडघा गेला, होम प्लेटवर कॅचरला धडकला. तो परत आला थेट वर्ल्ड सिरीजला. वर यांकीज रोज एकेक मॅच जवळ येत होते. शेवटी दोघांचेही ९४ विजय झाले, आपसातल्या मॅचेसवर डिव्हिजन आम्हाला मिळालं, आणि ते शेवटच्या दिवशी. म्हणजे विश्रांती वगैरे प्रश्नच नव्हता, २८ सप्टेंबरपर्यंत सगळे पूर्ण ताकदीने खेळत होते.

पण याच गडबडीत आमच्या लोकांनी एक काम केलं ज्याबद्दल मला खरंच अभिमान वाटतो. १५ सप्टेंबरला ट्रे येसावेजला वर आणलं. हा पोरगा २०२४ ला ड्राफ्ट झाला, २०२५ चा सीझन सगळ्यात खालच्या पायऱ्यांपैकी एकीवर, लो-ए ला सुरू केला आणि एका वर्षात सगळ्या पायऱ्या चढून आला. डिव्हिजनची मारामारी चालू असताना, प्रत्येक मॅच महत्त्वाची असताना, त्याला स्टार्ट दिला. टॅम्पा बेविरुद्ध पाच इनिंग्ज, नऊ स्ट्राइकआउट. तेव्हा माझा भाऊ म्हणाला होता की आता प्रयोग करायची वेळ आहे का ही. आणि ऑक्टोबरला यांकीजविरुद्ध दुसऱ्या मॅचला त्याने पाच इनिंग्जच्या वर एकही हिट दिली नाही, ११ स्ट्राइकआउट.

म्हणून खलाशी ताई, तुम्ही जे म्हणालात ना, दुसऱ्या कोणावर भरवसा ठेवून बघायची वेळच मिळाली नाही, तिथे मी थोडा वेगळा विचार करतो. वेळ मिळत नसते, काढावी लागते. आमच्याकडेही नव्हती. ३१ ऑगस्टनंतर बाहेरून आणलेला खेळाडू प्लेऑफला चालत नाही, त्यामुळे जे काय शोधायचं ते स्वतःच्या घरातच, आणि ते मारामारीच्या मॅचमध्येच शोधावं लागतं, नाहीतर त्या खेळाडूला दबाव म्हणजे काय ते कसं कळणार. १० विरुद्ध १ च्या मॅचमध्ये नववी इनिंग टाकून काही कळत नाही.

---

डेट्रॉइटचा_वाघ

हे मात्र खरंय. पण येसावेज प्रत्येकाच्या घरात नसतो भाऊ.

---

रात्रपाळी_एलए

डॉजर्सवाला आहे, दोन वर्षं लागोपाठ जिंकलोय त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितोय :)

बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं यांच्याकडे पैसा आहे म्हणून सगळं आपोआप होतं. २०२५ चा सप्टेंबर बघितला असता तर असं कोणी म्हणालं नसतं. आमचं बुलपेन, म्हणजे रिलीव्हरचा ताफा, इतकं वाईट चाललं होतं की आठवी इनिंग आली की मी टीव्हीचा आवाज बंद करायचो. ६ सप्टेंबरला बाल्टिमोरला यामामोतो नो-हिटर (एकही हिट न देता मॅच) टाकत होता, नवव्या इनिंगला दोन आउट झालेले, एक आउट हवा होता फक्त. हॉलिडेने होमरन मारला. ठीक आहे, नो-हिटर गेला, ३-१ ने पुढे आहोत ना. पण बुलपेन आलं आणि त्या एका आउटच्या आत ती मॅच ४-३ ने हरलो. मी आयुष्यात इतकी विचित्र मॅच बघितलेली नाही.

आता इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे आपल्या मोठ्या पगाराच्या रिलीव्हरवर विश्वास ठेवायचा, सुधारतील म्हणायचं. दुसरा म्हणजे मान्य करायचं की हे ऑक्टोबरला चालणार नाही आणि उरलेल्या तीन आठवड्यांत दुसरं काहीतरी उभं करायचं. सासाकी खांद्याच्या दुखापतीतून परत येत होता, ओक्लाहोमा सिटीला ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे एकच पायरी खाली. आयुष्यभर स्टार्टर. त्याला तिथेच रिलीव्हर म्हणून टाकायला लावलं, २४ सप्टेंबरला वर आणलं, म्हणजे सीझन संपायला चार दिवस बाकी. आणि त्याच माणसाने फिलाडेल्फियाविरुद्ध चौथ्या मॅचला आठवी, नववी, दहावी, तीन इनिंग्ज टाकल्या, एकही माणूस बेसवर गेला नाही.

९३ विजय होते आमचे फक्त, बाय पण नव्हता, वाइल्ड कार्ड खेळून गेलो. २०२२ ला १११ जिंकून पाद्रेसकडून पहिल्याच सिरीजला घरी आलो होतो, २०२३ ला १०० जिंकून अॅरिझोनाने तीन मॅचमध्ये संपवलं. तेव्हा वाटायचं की बायमुळे गंज चढतो. आता तसं वाटत नाही. मी मोजून बघितलं, २०२२ पासून बाय मिळालेल्या टीम १६ सिरीज खेळल्या, त्यातल्या ९ जिंकल्या. म्हणजे ना शाप ना वरदान. पाच दिवसांचं काय करता ते बघायचं, आणि त्याहून जास्त म्हणजे तुमचं बुलपेन त्या पाच दिवसांच्या आधी कसं उभं आहे ते.

ताई, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं की मरिनर्सनी झटायलाच पाहिजे होतं, झटले ते बरोबर. चूक कुठे झाली असेल तर ती २६, २७, २८ सप्टेंबरला. बाय पक्का झाला होता, समोर आम्ही होतो, त्या तीन मॅचेसचा निकाल कोणाला हवा होता? तुम्ही तीनही हरलात, काही फरक पडला नाही. पण तिथे सातवी इनिंग नवीन माणसाला द्यायची होती, समोर आमची पूर्ण बॅटिंग होती, याहून चांगली परीक्षा कुठे मिळणार.

---

खलाशी_सिएटलची

शिव्या नाही देत :) उलट तुमची पोस्ट वाचून मी उठून ती कार्डं परत काढली.

२६ तारखेला, शुक्रवारी, मी गेले होते. डाव्या बाजूला बुलपेनच्या (रिलीव्हर हात गरम करतात त्या जागेच्या) जाळीला लागून उभं राहता येतं, मी मुद्दाम तिथे जाऊन उभी राहिले कारण आता निकालाची चिंता नव्हती, मला हात बघायचे होते. जाळीच्या इतकं जवळ उभं राहिलं की टीव्हीवर कधीच न कळणाऱ्या गोष्टी कळतात. चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचा आवाज प्रत्येकाचा वेगळा. ताजा हात असला की कोरडा, एकदम फट्, आणि दमलेला असला की जरा ओला, दाबल्यासारखा. काही जण चेंडू हातात घेऊन दोन दोन वेळा फिरवतात, खांदा गोल करतात, मग टाकतात. मैदानावर पंधरा सेकंदांचं घड्याळ चालू असतं, रनर असला तर अठरा, बुलपेनमध्ये नसतं, म्हणून तिथे त्यांना हवा तेवढा वेळ घेतात आणि त्या वेळावरूनच कळतं कोण किती थकलंय. मी तिथे उभी राहून मनात म्हणत होते की आज नको रे याला उठवू, आज बसू दे.

आणि वूचं राहून राहून वाटतं. १९ तारखेला ह्यूस्टनला त्याने पाच इनिंग्ज टाकल्या आणि छातीचा स्नायू धरला. पहिल्या २५ स्टार्टमध्ये प्रत्येक वेळी किमान सहा इनिंग्ज टाकणारा माणूस तो, आमचा वर्षातला सगळ्यात भरवशाचा. डेट्रॉइटविरुद्ध नव्हताच. टोरंटोच्या वेळी परत आला पण रिलीव्हर म्हणून, आणि सातव्या मॅचला पाचवी आणि सहावी छान टाकून सातव्याला परत पाठवला. एक महिना स्टार्ट न केलेला हात. तिसरी इनिंग. माझ्या मते मॅच तिथे हातातून निसटली, बाझार्दो नंतर आला.

तर मग १९ तारखेला त्याला विश्रांती द्यायला पाहिजे होती का? ह्यूस्टनशी बरोबरीत असताना, पहिल्या नंबरच्या पिचरला? नाही ना. मीच मॅनेजर असते तरी त्यालाच टाकला असता. इथेच माझी गाडी अडकते दर वेळी.

---

जुना_खलाशी_९५

बाळांनो, थोडं मागचं सांगतो. किंगडोम या जुन्या स्टेडियमपासून मरिनर्सना बघतोय मी.

१९९५ ला ऑगस्टमध्ये आपण एंजल्सच्या १३ मॅच मागे होतो. सगळं संपलं होतं म्हणा ना. मग तो सप्टेंबर झाला. शेवटी बरोबरी झाली आणि तेव्हा टायब्रेकरची एक मॅच खेळायचे, २ ऑक्टोबरला. रँडी जॉन्सनला टाकला. ९-१ जिंकलो, त्याने पूर्ण मॅच टाकली, १२ स्ट्राइकआउट. दुसऱ्याच दिवशी न्यू यॉर्कला यांकीजविरुद्ध पहिली मॅच, आणि आपला एकमेव राक्षस खर्च झालेला. पहिल्या दोन्ही हरलो, दुसरी तर पंधराव्या इनिंगला. खलाशी ताईंनी समासात लिहिलेलं वाचलं तेव्हा मला तीच रात्र आठवली, फक्त तेव्हा आपण हरलो होतो.

घरी आल्यावर तिसरी मॅच रँडीने जिंकून दिली, आणि पाचव्या मॅचला एक दिवसाच्या विश्रांतीवर नवव्या इनिंगला बुलपेनमधून चालत आला. त्या वेळचा आवाज अजून कानात आहे. एडगरचा मॅच जिंकून देणारा डबल सगळ्यांना माहीत आहे, पण तो डबल येईपर्यंत मॅच धरून ठेवली ती रँडीने.

आता खरी गोष्ट सांगायची ती पुढची आहे, कोणी फारशी सांगत नाही. यांकीजना हरवून क्लीव्हलँडविरुद्ध उभे राहिलो तेव्हा पहिल्या मॅचला टाकायला कोणी उरलंच नव्हतं. बॉब वोलकॉट नावाचा २२ वर्षांचा पोरगा, यांकीजविरुद्धच्या सिरीजला टीममध्येसुद्धा नव्हता, त्याला उभा केला. पहिल्या तीन बॅटरना तीन वॉक. बेस भरलेले, एकही आउट नाही, समोर अल्बर्ट बेल. त्याला स्ट्राइकआउट केला. पुढच्या दोघांना काही करू दिलं नाही, इनिंग शून्यावर संपली, आणि मॅच आपण ३-२ ने जिंकलो.

रात्रपाळीवाले भाऊ आणि टोरंटोवाले भाऊ म्हणतात तेच माझंपण म्हणणं, पण मी ते जरा वेगळ्या ठिकाणाहून शिकलो. झटायचं तर असतंच. १९९५ ला झटलो नसतो तर आज सिएटलला टीम राहिली असती का इथपासून प्रश्न होता. पण कुठेतरी एक हात न वापरलेला ठेवावा लागतो आणि त्याला सांगून ठेवावं लागतं की बाबा तुझी वेळ येणार आहे. २०२५ ला तसा हात मिलर होता असं मला वाटतं, वर्षभर कोपराने छळलेला, आणि टोरंटोला पहिल्या मॅचला त्यानेच वोलकॉटचं काम केलं. बुलपेनमध्ये तसा कोणी नव्हता. सातव्या इनिंगचा वोलकॉट नव्हता.

आणि २०२५ च्या आपल्या मॅनेजरला, डॅन विल्सनला, बोल लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, १९९५ च्या त्या टीमचा कॅचर तोच होता. हे सगळं त्याने ग्लोव्हमध्ये झेललेलं आहे.

---

निळा_पक्षी_टोरंटो

काका, वोलकॉटची गोष्ट पहिल्यांदा ऐकली. तीन वॉकनंतर मॅनेजरने काढला नाही हे आजच्या दिवसात शक्य आहे का? दोन वॉकला फोन गेला असता बुलपेनमध्ये.

---

जुना_खलाशी_९५

पिनिएला माउंडवर गेला होता एवढं खरं. काढला नाही. काढून आणणार कोणाला होता.

---

खलाशी_सिएटलची

काका, तुमची पोस्ट मी दोनदा वाचली. न वापरलेला हात ठेवायचा, आणि त्याला आधीच सांगून ठेवायचं. मी इतके दिवस विचार करत होते तो उलट बाजूने, की वापरलेले हात कसे वाचवायचे. ब्रॅशला एक दिवस कमी, बाझार्दोला एक दिवस कमी, वूला एक स्टार्ट कमी. तसं केलं असतं तर कदाचित ह्यूस्टनच्या त्या तीन मॅच हरलो असतो आणि डेट्रॉइटवाल्या दादांसारखं झालं असतं. त्या चौघांच्या बरोबरीने पाचवा माणूस सप्टेंबरच्या मध्यावर दोन-तीनदा अवघड जागी उभा करायचा होता, आणि मग हरलो तरी त्या शेवटच्या तीन मॅचेसला त्यालाच सातवी इनिंग द्यायची होती. रात्रपाळीवाले दादा, २६ तारखेला मी जाळीपाशी उभी राहून जुन्या हातांना बसू दे म्हणत होते. नवा कोण उठतोय हे मी बघितलंच नाही.

@नवा_बघणारा, पुढच्या सप्टेंबरला तू पण एक कर. स्कोअरकार्ड लिहीत असशील तर पिचरच्या नावापुढे तो किती दिवसांनी आला ते बारीक अक्षरात लिही, शून्य, एक, दोन असं. मी आता सगळ्या जुन्या कार्डांवर तेच भरत बसलेय. १० ऑक्टोबरच्या कार्डावर पाठीमागे रेघा मारलेल्या आहेत तिथे गिल्बर्टच्या पुढे दोन लिहिलं. कास्तियोच्या पुढे पेन्सिल टेकवली तर कागद तिथेच फाटलाय, बहुतेक पोलँकोची मॅच जिंकवणारी सिंगल आली तेव्हा मी तो मुठीत धरला होता.